मामांचं ‘बघू’

मामा ‘बघू’ म्हणाले की विषय संपला, एवढं त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. तोंडावर नाही म्हणायला जड जातं म्हणून दादानं हा शब्द शोधून काढलाय, असं आईचं म्हणणं. आई त्यांची सख्खी बहीण, तिच्यापुढे कोण बोलणार. दर सुट्टीत अख्खं खटलं मामांच्या शेतावर जमायचं, नुसता धुडगूस घालायचं, आणि त्यात कुणी ना कुणी मामांकडे काहीतरी मागायचं, ‘बघू’ ऐकायचं आणि मुकाट्यानं आपल्या वाटेला लागायचं.

नवा होता तो जावई, म्हणजे ताईचा नवरा. माणूस लाखातला, पण घरची भाषा अजून त्याच्या अंगवळणी पडायची होती. आणि ताईच्या पाठच्या बहिणीनं, धाकटीनं, नेमकं त्यालाच मामांशी बोलायला लावलं. धाकटी शहरात भाड्याच्या दीड खोलीत पाव भाजून विकायची. घरमालकानं आता तिला बाहेरची वाट दाखवली होती. मामांच्या शेताच्या तोंडाशी, अगदी रस्त्याला लागून, ट्रॅक्टरची शेड रिकामी पडलेली. ती मिळाली तर तिचा धंदा तगणार, नाहीतर दुसऱ्याच्या बेकरीत नोकरी. स्वतः विचारायची काही तिची छाती होईना. जावयानं फोन केला आणि तिला सांगितलं, झालं काम. त्या आनंदात धाकटीनं मोठी भट्टी घेऊन टाकली आणि पत्ता दिला मामांचा.

त्या दिवशी सकाळी अंगणात चहाचं दुसरं पातेलं उतरलं होतं. पोरं बदकांच्या मागे आणि बदकं आईच्या मागे पळत होती. धाकटीच्या तर अंगात वारं शिरलेलं, कारण भट्टीचा ट्रक आजच यायचा होता. सहज म्हणून तिनं जावयाला बाजूला घेतलं आणि विचारलं, भाऊजी, मामा नक्की काय म्हणाले होते हो?

‘बघू म्हणाले की,’ जावई खुशीत म्हणाला.

धाकटीच्या हातातली कपबशी खाली गेली. पुढे जे झालं त्याला गोंधळ म्हणणं म्हणजे गोंधळाचा अपमान आहे. धाकटीनं ताईला सांगितलं, ताईनं आईला, आणि आईनं हळू आवाजात, म्हणजे विहिरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं, मामींना. ठरलं असं की ट्रक येऊन परत जाईपर्यंत मामांना घराच्या मागच्या बाजूला अडकवून ठेवायचं. ताईनं त्यांना पत्ते खेळायला बसवलं. मामा पहिलाच डाव जिंकले आणि उठले. मग आईनं पाय मुरगळल्याचं सोंग काढलं, पण कळवळताना ती कधी हा पाय धरी, कधी तो. जावयाला वाटलं, आपणही हातभार लावावा. त्यानं कोंबड्यांचं खुराडं उघडून दिलं. कोंबड्या शिरल्या त्या थेट स्वयंपाकघरात, मामी केरसुणी घेऊन त्यांच्यामागे, पोरं मामींच्या मागे, आणि या रामरगाड्यात फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला.

ट्रक वळवा म्हणून सांगायला धाकटी जीव खाऊन पळाली. ड्रायव्हर बिचारा भला, त्यानं वळवलाही, पण मागचं चाक गेलं खड्ड्यात. आता ट्रक ना आत ना बाहेर. वर दोरखंडांनी बांधलेली भट्टी, चांगली पुरुषभर उंच. मामा आलेच. त्यांच्यामागे आई, दोन्ही पायांवर धावत.

हे काय आहे, असं मामांनी विचारलं मात्र, सगळे एकदम बोलले. आई म्हणाली कपाट आहे. ताई म्हणाली पत्ता चुकलाय. मामी म्हणाल्या मला काही माहीत नाही, आणि जावई म्हणाला, भट्टी आहे, पण आमची नाही. ड्रायव्हरनं खिशातून कागद काढून मामांचा पत्ता मोठ्यानं वाचून दाखवला. धाकटीला हसूही येत होतं आणि रडूही. आपल्यापायी एवढी माणसं इतकं धडधडीत खोटं बोलतायत, हे बघून तिला भरून आलं आणि स्वतःची लाजही वाटली. ती पुढे झाली.

‘मामा, भट्टी माझी आहे. पाव भाजायला मला तुमची शेड हवी आहे. मीच विचारायला हवं होतं, पण घाबरले. आता विचारते. द्याल?’

मामांनी भट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘बघू,’ ते म्हणाले आणि चालू लागले.

संपलं. ताईनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटीनं ड्रायव्हरला सांगितलं की चाक निघालं की परत घेऊन जा. सगळे मान खाली घालून घराकडे वळले. एकटा जावई तेवढा मामांच्या मागोमाग गेला. बघू म्हणालेत तर बघायला नको का, असा त्याचा सरळ हिशेब. आणि शेडपाशी पोचल्यावर त्यानं अशी काही आरोळी ठोकली की घरातल्या कोंबड्यासुद्धा बाहेर आल्या.

शेड आतून पांढरीशुभ्र होती. चुन्याचा वास अजून ताजा होता. जमीन घासलेली, फुटके पत्रे बदललेले, कोपऱ्यात नवा नळ. मामी म्हणाल्या, फोन आल्यापासून हे रोज इथे खुडबुड करत होते, विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हते.

‘पण तुम्ही तर बघू म्हणालात,’ धाकटी कशीबशी म्हणाली.

‘मग बघतच होतो की,’ मामा म्हणाले. ‘बघायला वेळ लागतो. तुमच्यातलं कुणी थांबतं का? लहानपणी तू सायकल मागितलीस, मी बघू म्हणालो. बघून, घेऊन आलो, तर तुम्ही निघून गेलेले. पुढच्या सुट्टीत आलीस ती वडिलांनी घेतलेल्या सायकलचं कौतुक सांगत. मग मी काही बोललो नाही.’

आई भावाकडे पाहतच राहिली. तिनं आजवर काय काय मागितलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग सगळ्यांनी मिळून ट्रक ढकलून काढला आणि आरडाओरडा करत भट्टी शेडपर्यंत आणली. ती दारात अडली. चौकट अरुंद पडत होती. मामांनी पहार आणली आणि चौकट उचकटायला घेतली. धाकटीनं दुसरी बाजू धरली.

‘मामा, ती सायकल कुठे आहे?’

‘माळ्यावर आहे. तुझ्या मापाची नाही राहिली आता,’ मामा म्हणाले. ‘जोर लाव.’

डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं तसाच जोर लावला.