आढ्यावरचे सदरे

खुर्ची उबवून पोट भरणाऱ्यांबद्दल व्हिदोये मिस्त्रीचं मत अख्ख्या गावाला पाठ होतं. ज्याला दगड उचलवत नाही तो वीट उचलतो, ज्याला वीट उचलवत नाही तो चुना कालवतो आणि ज्याला तेही जमत नाही तो हिशेबनीस होतो, असं तो रकिया दारूच्या दुसऱ्या पेल्यावर हमखास ऐकवायचा. त्यामुळे त्याच्याच हाताखाली एकोणीस वर्षं भिंती उभारलेला रादिसाव चाळिशी उलटल्यावर थापी ठेवून जमाखर्च शिकायला गेला, तेव्हा मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढा आडदांड गवंडी, बाकावर शेजारी विशीतल्या पोरी, आणि हा वहीत रेघा ओढतोय. शिकून तो चाचाक शहरातल्या एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून चिकटला. त्यालाही दोन वर्षं झाली होती.

मिलोमीरच्या नव्या घराचं आढं त्या शनिवारी बसलं. अंगणात कोकरू भाजत होतं. मिलोमीरच्या बायकोने, देसांकाने, प्रत्येक गड्यासाठी एकेक कोरा सदरा घडी करून ठेवला होता. लाकूड रादिसावच्या वखारीतलं, म्हणून त्यालाही बोलावणं होतं. तो टाय लावून आला.

"या साहेब," व्हिदोये म्हणाला. "पाटावर बसाल की तुमची खुर्ची मागवू?"

"कुठेही बसेन, मिस्त्री."

"बोटं दाखव बघू. अरे अरे, गोय्को, बघ याची बोटं. माझ्या सुनेची बरी."

गोय्को आणि बाकीचे गडी फिदीफिदी हसले. रादिसावही हसला, आणि त्याचाच मिस्त्रीला जास्त राग आला. माणसाला लाज तरी असावी.

पण व्हिदोयेची खरी धास्ती वेगळीच होती. मार्चपासून शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याचं डोकं गरगरत होतं. अख्खा उन्हाळा त्याने खालूनच ओरडून काम रेटलं. गड्यांना वाटलं, म्हातारा माजलाय. सदरे मात्र मुख्य मिस्त्रीनेच आढ्याला बांधायचे आणि वरून एकेकाचं नाव पुकारायचं, ही रीत. आज तो चढला नाही, तर कोकरू संपायच्या आत पंचक्रोशीत बभ्रा होणार, आणि मग त्याला पुढचं घर बांधायला कोण देणार?

देसांकाने सदरे त्याच्या हातात दिले. सगळ्यांनी माना वर केल्या.

व्हिदोयेने शिडीकडे पाहिलं, आणि मग रादिसावकडे.

"आज आपले कारकूनसाहेब चढतील," तो मोठ्याने म्हणाला. "एकोणीस वर्षं माझं मीठ खाल्लंय. बघू तरी, गाठ मारता येते की नुसती बेरीज येते."

लोकांनी टाळ्या पिटल्या. रादिसाव क्षणभर मिस्त्रीकडे बघत राहिला. मग त्याने टाय खिशात कोंबला, सदरे खांद्यावर टाकले आणि शिडीला हात घातला.

पहिल्या तीन पायऱ्या नीट गेल्या. चौथीवर तो थांबला. मग दोन्ही पाय एकाच पायरीवर ठेवून, नजर समोरच्या लाकडावर खिळवून, दोन्ही मुठी आवळत एकेक पायरी चढू लागला. खाली हशा उसळला.

"अहो, पाळणा देऊ का?" गोय्को ओरडला.

व्हिदोये हसला नाही. मार्चपासून तो स्वतः असाच चढत आला होता, कोणी बघत नसताना.

रादिसावने सदरे बांधले, बसक्या आवाजात नावं पुकारली. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता.

"विसरलो हो सगळं," तो गड्यांना म्हणाला. "खुर्चीने वाट लावली."

पुन्हा हशा झाला. माणसं ताटांकडे वळली. व्हिदोयेने वर पाहिलं. वारा सुटला होता, सदरे फडफडत होते आणि एकही गाठ सैल नव्हती.

रादिसाव त्याच्या शेजारी पाटावर टेकला.

"माझं पाच वर्षांपूर्वी सुरू झालं," तो हळूच म्हणाला. "तुमचं कधीपासून?"

"तुला कोणी विचारलं?" व्हिदोये गुरगुरला. त्याने पेला रिकामा केला, मिशी पुसली, आसपास कोणी नाही हे दोनदा पाहून घेतलं.

"त्या खुर्चीत," तो म्हणाला, "पाठ दुखते का रे?"