आमीनपर्यंतचा बॅलन्स

मी जन्मात कधी हद्द ओलांडलेली नाही. ओशच्या बाजारापलीकडे माझी मजल गेलेली नाही. पण माझा फोन! मेला दिवसातून चार वेळा परदेशी जाऊन येतो. चुलीपाशी नेला की गेला, दारात आणला की परत आला. आणि दर वेळी टिंग करून मेसेज, 'आमच्या देशात आपलं स्वागत आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.' अरे, कसला प्रवास? मी इथे भांडी घासतेय!

आमच्या जर्दाळूच्या बागेमागे ओढा आहे, ओढ्यापलीकडे ताजिकांची हद्द. त्यांचा टॉवर अगदी समोर. आमचा किर्गिझांचा टॉवर मात्र टेकडीमागे लपून बसलेला. फोन काय, ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे धावतो. आणि एकदा का तिकडे गेला, की फोन करा नाहीतर नुसता घ्या, पैसे कापलेच. आलेल्या फोनचेसुद्धा! मुलं रशियात राबणार, तिथून पैसे घालून फोन करणार, आणि आपण आपल्याच घरात बसून तो ऐकल्याबद्दल परदेशाला पैसे मोजायचे. बॅलन्स संपला की फोन मुका. मग कुणी कितीही लावा, लागत नाही. तेव्हा गावात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता.

म्हणून प्रत्येक घरात बायकांनी एकेक जागा हुडकून ठेवली होती, जिथे आपलाच टॉवर लागतो. माझी जागा दाराशेजारच्या खिडकीत. तिथे मी खिळा ठोकला आणि जुना लोकरी मोजा टांगला. फोनचा मुक्काम त्या मोज्यात. बोलायचं तर चपलाबुटांच्या ढिगात उभं राहून, मान वाकडी करून बोलायचं. हातभर इकडे सरकलं की स्वागत आहेच.

त्या रविवारी मी सकाळपासून सगळ्यांना बजावत होते, "मोज्याला कुणी हात लावायचा नाही!" कारण दुपारी कुतमानचा फोन येणार होता.

कुतमान माझा धाकटा. तीन वर्षांपूर्वी बाग सोडून नोवोसिबिर्स्कला गेला. बापाला विचारलं नाही, त्यांची दुआ घेतली नाही, पहाटे पिशवी उचलली आणि बसमध्ये बसला. आमच्याकडे माणूस बाजाराला निघाला तरी मोठ्यांपुढे हात पसरून दुआ घेतो, आणि हा रशियाला असा गेला! तिथून त्याने पहिला फोन केला, तेव्हा ह्यांनी एक शब्द न बोलता फोन कापला. तेव्हापासून बाप आणि लेक, दोघांची तोंडं दोन दिशांना. मधे मी. बोलायचं ते माझ्याशी, टोमणे मारायचे ते माझ्यामार्फत. अगदी वीट आला होता मला.

आता पोराचं लग्न ठरलं होतं. मुलगी तिथेच त्याच्याबरोबर गोदामात काम करणारी, मेरिम नाव. नारिनकडची, म्हणजे पार उत्तरेची. हे ऐकून ह्यांनी नाक मुरडलं. "उत्तरेकडच्यांना रीतभात कुठली? त्यांना घोडे सोडून काही कळत नाही." रविवारी दुपारी निकाह. आमच्याकडे आईला आपा म्हणतात, बापाला आताके. कुतमान मला म्हणाला, "आपा, आताकेंना सांग, त्यांनी दुआ दिली तरच मौलवीला सुरू करा म्हणेन. पण ह्या वेळीही त्यांनी फोन कापला, तर मी पुन्हा विचारणार नाही. गावालाही येणार नाही." असं म्हणाला माझा मुलगा. तो बापावर गेलाय, म्हटलं म्हणजे तसंच करणार.

ह्यांना कसं तयार केलं ते माझं मला माहीत. रडले, अबोला धरला, मीठ न घालता जेवण वाढलं. शेवटी आठ दिवसांनी म्हणाले, "बरं. देतो दुआ. पण नीट रीतीने देणार."

ही 'नीट रीत' माझ्या मुळावर आली.

मी दारापाशी, मोज्याखाली, जाडजूड गादी घातली होती. लोड ठेवला, चपला आवरल्या. हे आले, नवी पांढरी टोपी घातलेली, गादीकडे बघून उभेच राहिले.

"हे काय?"

"इथे बसायचं तुम्ही. इथे आपला टॉवर लागतो."

"दारात? चपलांत? मी काय उशिरा आलेला पाहुणा आहे? मुलाच्या लग्नाची दुआ मी उंबऱ्याशी बसून देऊ?"

"अहो, चपला काढल्यात मी!"

"चपला काढल्या, पण जागा तीच ना. मोठ्या माणसाने वरच्या जागेला बसायचं."

वरची जागा म्हणजे दारासमोरची भिंत, जिथे रजया रचून ठेवतात. म्हणजे खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे थेट ताजिकांच्या टॉवरच्या मांडीवर!

तेवढ्यात पाझिल-आके आले. हे ह्यांचे चुलत भाऊ, भावकीत सगळ्यांत थोरले. दुआ एकट्याने देत नाहीत, म्हणून ह्यांनी त्यांना बोलावलेलं. त्यांनी बूट काढले, चुलीवरच्या पुलावाचा वास घेतला आणि सरळ वरच्या जागेला जाऊन बसले. तळलेला बोरसोक तोंडात टाकत म्हणाले, "तोपचू, ये रे. दारात काय उभा?"

झालं. ह्यांनी मोज्यात हात घातला, फोन काढला आणि निघाले.

"अहो, नको! अहो, ऐका!"

टिंग. 'आमच्या देशात आपलं स्वागत आहे.'

माझं डोकंच फिरलं. "ऐकलंत? पोचलात परदेशी! शंभर सोम भरलेत मी, दूध विकून. तिकडे ते पाण्यासारखे जातात. आधी खिडकीत या, दुआ द्या, मग हवं तर छपरावर जाऊन बसा!"

"दुआला किती वेळ लागतो?" पाझिल-आके म्हणाले. "तू उगाच तापतेस, सूनबाई. चहा ओत."

फोन वाजला.

ह्यांनी फोनकडे पाहिलं आणि तो पाझिल-आकेंच्या हातात दिला. कारण थोरले ते. थोरल्याआधी कसं बोलणार! मी कपाळावर हात मारून घेतला.

पाझिल-आकेंनी फोन तोंडासमोर वाटीसारखा धरला. "सलाम आलेकुम, कुतमान! बरा आहेस ना? तब्येत बरी? जेवणखाण ठीक? तिकडे थंडी आहे का? मालक बरा आहे? तुझ्याबरोबरची आपल्याकडची पोरं बरी आहेत? आमचं बरं आहे. आमची तांबडी गाय व्याली. पाडी झाली. हो, हो, पाडीच! तुझी चुलती बरी आहे, गुडघा दुखतो तिचा..."

मी त्यांच्यासमोर हात जोडले, ओढणीने डोळे पुसले, खुणा केल्या. चहाची पेली त्यांच्या मांडीवर उपडी करावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मोठ्या माणसाचं विचारणं मधेच तोडायचं कसं? तिकडून कुतमानही एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत होता. तोही आमचाच ना! गुडघ्याची चौकशी करत होता.

शेवटी फोन ह्यांच्याकडे आला. ह्यांनी तो चटईवर ठेवला, मोठा आवाज करणारं बटण मी दाबलं. तिकडे खोलीत माणसं कुजबुजत होती. मग कुतमानचा आवाज आला, "आताके?"

तीन वर्षांनी. ह्यांनी टोपी सारखी केली, मग बाह्या सारख्या केल्या. पैसे चाललेत, बोला, बोला, मी मनातल्या मनात ओरडत होते.

मग ह्यांनी दोन्ही हात पसरले. आम्हीही पसरले. तिकडून कुतमान कुणाला तरी म्हणाला, "हात पसर, दुआ देतायत," आणि मला भरून आलं.

हे म्हणाले, "बाळा, तू मला न विचारता गेलास. माझ्या बागेत पाणी द्यायला माणूस नव्हता. तो काटा माझ्या काळजात तीन वर्षं आहे. मी म्हटलं होतं, असल्या पोराला मी कधी..."

टूं टूं टूं.

मग एक बाई परक्या भाषेत गोड आवाजात काहीतरी बोलली. बॅलन्स संपला.

मी ओरडले नाही, किंचाळले. "कुठे तुटला, बघा कुठे तुटला! 'असल्या पोराला मी कधी'! आता तो काय समजेल? बापाने पुन्हा फोन कापला, हेच ना? आणि तुम्हाला दुआत तक्रार करायची काय गरज होती? आणि आके, तुम्ही! तुमच्या गाईने खाल्लं माझ्या पोराचं लग्न!"

पाझिल-आके म्हणाले, "कार्ड आणून भरा ना पटकन."

"कुठून भरू? दुकानदार रविवारी बाजाराला जातो, कुलूप आहे!" फुकटातला 'मला फोन करा' मेसेज पाठवून बघितला, तो देशाबाहेर जातच नाही. म्हणजे माझा फोन परदेशात जाऊ शकतो, मेसेज नाही.

मी वळून पाहिलं. हे तसेच बसलेले. हात पसरलेले.

"खाली घ्या आता ते," मी म्हटलं.

"आमीन झालेलं नाही."

"अहो, फोन गेला!"

"फोन गेला असेल. दुआ मी सुरू केलीय. ती अर्धी ठेवून हात खाली घेतले तर ती पोरावर उलटते." हे हात न टेकता उठले. "टेकडीवर चल. तिथे आपला टॉवर आहे. तिथे बॅलन्स नसला तरी आलेला फोन लागतो, असं तूच सांगतेस ना रोज?"

तीन वर्षांत ह्यांनी माझं ऐकल्याचं मला तेव्हा कळलं.

मी त्यांच्या पायांत रबरी बूट चढवले, कारण हात मोकळे नव्हते. शिव्या घालत चढवले. निघालो. जुलैचं ऊन, छपराछपरावर जर्दाळू वाळत घातलेले, आणि गल्लीतून हे असे चाललेले, छातीपुढे दोन्ही तळवे उघडे, जणू पाणी सांडेल म्हणून जपून. मागे मी, हातात फोन. पाझिल-आके आलेच नाहीत, पुलाव गार होईल म्हणाले. बायका छपरांवरून विचारत होत्या, "काय झालं गं?" मी म्हटलं, "रोमिंग!" सगळ्यांना कळलं.

टेकडी उघडी-बोडकी. ह्यांना धाप लागली. एकदा घसरले, गुडघ्यावर पडले, पण हात टेकले नाहीत. कोपराला धरून मी उठवलं. माझा सगळा राग कुणावर काढावा कळत नव्हतं.

"पुढे काय म्हणणार होतात?" मी विचारलं. "असल्या पोराला मी कधी काय?"

"ते त्याला सांगायचंय. तुला नाही."

असे आहेत हे!

वर पोचलो. टिंग. 'आपण आपल्या देशात परत आलात.' मोठी मेहरबानी! फोन ह्यांच्या तोंडासमोर धरून उभी राहिले. वाजेना. आम्हाला लावता येत नव्हता, तिकडून आला तरच. वारा तेवढा वाजत होता. मौलवीला दुसरीकडेही जायचं असेल. कुतमान रागाने उठून गेला असेल. मला ठाऊक होता त्याचा राग, तो माझ्यासमोरच हात पसरून उभा होता.

"नाही करणार तो," हे म्हणाले. "मी असतो तर केला नसता." त्यांचे हात खांद्यापासून कापत होते. मी खालून आधार द्यायला गेले, तर मान हलवून नको म्हणाले.

आणि फोन वाजला.

"कुतमान!" मी ओरडले.

"नाही, मी... मी मेरिम." बारीक, घाबरलेला आवाज. "सलाम आलेकुम. ते बाहेर जाऊन बसलेत. म्हणतात, बाबांनी कापला, संपलं. पण माझी आजी सांगायची, दुआ मधे ठेवून कुणी उठत नाही, म्हणजे तुम्हीही उठला नसाल. मी तेव्हापासून लावतेय, लागतच नव्हता. मी उठलेले नाही. पण माझा एकच हात पसरलेला आहे, दुसऱ्या हाताने फोन लावावा लागतो. चालेल ना?"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात नव्हते. मी माझ्या ओढणीने पुसलं.

"चालेल," हे म्हणाले. मग घसा खाकरला. "बरी आहेस ना, बाळा? तब्येत बरी? तुझी आई बरी आहे? घरी गुरंढोरं किती?"

आणि मी, जिने आयुष्यभर ह्या चौकश्यांच्या नावाने बोटं मोडली, मी त्यांना एका शब्दाने थांबवलं नाही. तिने सगळ्यांची खुशाली सांगितली, घोड्यांचीसुद्धा. मग ह्यांनी दोनदा तिच्या आजीची चौकशी केली.

मग म्हणाले, "आता त्याला बोलाव. म्हणावं, वाक्य अर्धं राहिलंय."

पावलं वाजली, दार वाजलं. "आताके?" कुतमानचा आवाज बसलेला.

"हात पसर," हे म्हणाले. "मी म्हटलं होतं, असल्या पोराला मी कधी माफ करणार नाही. खोटं होतं ते. रोज बागेत पाणी सोडताना तुझ्यासाठी दुआ मागत होतो, तुला सांगितलं नाही एवढंच. तुमचं घर भरलेलं राहो. तुमच्या चुलीतला विस्तव विझू नये. ही मुलगी तुला आवरेल, तिचं ऐक. मी तुझ्या आईचं वेळेवर ऐकलं असतं, तर टेकडी चढावी लागली नसती. आमीन."

"आमीन," तिकडून खोलीभर माणसं म्हणाली.

आमीन झालं की हात तोंडावरून फिरवायचे. ह्यांना ते वळवता येईनात, इतके आखडले होते. मी फोन काखेत धरला, त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवले.