बाकीचे कुठे?

विद्यापीठात सरांच्या माघारी सगळे त्यांना ‘बाकीचे कुठे’ म्हणत. सर संख्याशास्त्र शिकवायचे आणि दरवर्षी पहिल्या तासाला तेच ते सांगायचे. कुणी म्हणालं, अमुक औषधाने नव्वद माणसं बरी झाली, की आधी विचारा, सुरुवातीला किती होती? दीडशे? मग बाकीचे कुठे? जो मधेच गळतो त्याच्याकडेच खरी बातमी असते, आणि त्यालाच कुणी विचारत नाही. एवढं झालं की सर बोटांवरची खडूची पूड झटकत आणि पोरं मुकाट्याने वाक्य उतरवून घेत. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्यांनी नेमक्या ह्याच प्रश्नावर परत पाठवला होता. बिचारी कितीतरी दिवस त्यांना बघून जिना बदलायची.

सरांची आत्या मात्र त्यांना खडू म्हणायची. लहानपणी शाळेतून येताना ते खिशातून खडू चोरून आणायचे आणि पांघरुणात खायचे, म्हणून खडू. आई लवकर गेली, तेव्हा आत्याने त्यांना आपल्याकडे आणलं आणि शाळेचे गणवेश शिवून शिवून आपल्या मुलीबरोबर वाढवलं. आता तिची सत्तरी उलटली होती, आणि हृदयाची एक झडप अरुंद झाली होती.

शनिवारी दुपारी आत्येबहिणीचा फोन आला.

“दादा, तूच समजाव तिला. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, झडप बदलून घ्या. ही नाही म्हणतेय.”

“का पण?”

“का म्हणजे? तूच लिहिलंयस ना, थांबलं तरी चालतं म्हणून? तू दिलेला तो कागद घेऊन दोन-तीन महिन्यांपूर्वीच दवाखान्यात गेली होती. माझा भाचा म्हणतो थांबा, तर मी थांबणार, असं तोंडावर सांगून आली. आता दादा, तिला दोन जिने चढवत नाहीत रे. खरंच थांबायचं ना?”

“मी बघतो,” सर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. त्यांनी आपलाच शोधनिबंध शोधला आणि पहिल्यांदा वाचायला घेतला.

झालं होतं असं. पलीकडच्या इमारतीतल्या इंजिनियरने छातीवर चिकटवायची एक पट्टी बनवली होती. झडपेतून रक्त जाताना जी थरथर होते ती पट्टी टिपायची. पदार्थविज्ञानवाल्या बाईंनी त्या थरथरीवरून एक आकडा काढायचं सूत्र बसवलं. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पेशंट दिले. आकडा पाचाच्या खाली असेल तर ऑपरेशनची घाई नको, असा निष्कर्ष निघाला. राहता राहिलं गणित. ते डॉक्टरांच्या हाताखालच्या कुणीतरी संगणकावर केलंच होतं, पण त्याला वजन यायला एक नाव हवं होतं. इंजिनियर कँटीनमध्ये म्हणाला, “तुम्ही फक्त एकदा नजर टाका, नाव घालतो.” सर तेव्हा परीक्षेचे पेपर तपासण्यात बुडालेले. नजर टाकली, तीही पहिल्या पानावर. वाचलंय असं दिसावं म्हणून एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला आणि ‘उत्तम’ असं कळवून टाकलं. बारभाईची शेती ती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बघितलं असेल.

चौथ्या पानावर तक्ता होता. सुरुवातीला चारशे पेशंट, शेवटी पावणेतीनशेच्या आसपास. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती की उरलेले तपासणीला परत आले नाहीत, म्हणून त्यांना हिशेबात धरलेलं नाही. सरांनी चारशेतून पावणेतीनशे वजा केले. त्यांनी रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावला.

“ते परत का आले नाहीत?”

“अहो, कोणी मुलांकडे राहायला गेले. कोणी दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलं. काही गेले.”

“गेले म्हणजे कुठे?”

“गेले म्हणजे वारले, सर.” डॉक्टर जरा चाचरले. “तुम्ही बघितलं होतं ना ते? आम्हाला वाटलं, गणितात त्याची काहीतरी सोय असते.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सरांच्या डोळ्यांपुढे त्या विद्यार्थिनीचं तोंड आलं. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते काय, हे त्यांना वयाच्या पन्नाशीत कळलं.

रविवारी सकाळी ते आत्याकडे गेले. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर, भिंतीला टेकून, एक स्टूल ठेवलेलं दिसलं. ते त्यांनी ओळखलं, शिवणयंत्राजवळचं होतं. वर पोचल्यावर त्यांनी विचारलं तर आत्या म्हणाली, “खालच्या म्हाताऱ्या बाईंचे पाय दुखतात, त्यांच्यासाठी ठेवलंय.” एवढं बोलताना ती दोनदा थांबली.

भिंतीवर, घड्याळाच्या शेजारी, निबंधाचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. सरांच्या नावाखाली लाल दोऱ्याने, हो, चक्क दोऱ्याने, कागदावर टाके घालून तिने रेघ मारली होती. सर तिकडे पाठ करून बसले.

वाटेत त्यांनी एक पळवाट काढून ठेवली होती. शहाणी माणसं पळवाटासुद्धा हुशारीने काढतात.

“आत्या, त्याच्यानंतर नवीन संशोधन आलंय. त्यात म्हणतात की थांबू नये. तेव्हा आपण ऑपरेशन करून घेऊ.”

“नवीन? त्याच्यावर तुझं नाव आहे?”

“नाही. परदेशातले लोक आहेत, मोठे आहेत.”

“मग राहू दे. असतील मोठे. मी त्यांना ओळखत नाही, तुला ओळखते.” तिने कपाटातून निबंधाची अख्खी प्रत काढली. पानोपानी पेन्सिलीने बारीक अर्थ लिहिले होते. “हा मी सगळा वाचलाय. डिक्शनरी घेऊन बसायचे रोज. आकडेमोड काही कळली नाही, पण म्हटलं, ते आपल्या खडूने बघितलंय.”

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“आत्या, मी नाही बघितलं.”

“काय नाही बघितलं?”

“हे. मी वाचलंच नव्हतं. नुसतं नाव दिलं. काल वाचलं, तुझ्याबद्दल फोन आला तेव्हा. ते चुकीचं आहे. जी माणसं दगावली ती मोजलीच नाहीत त्यात. तू थांबू नकोस.”

आत्याने प्रतीच्या कडा बोटाने सारख्या केल्या. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्या आधी मी वाचला.”

ती रागावली असती तर सर सुटले असते. लहानपणी खडू सापडला की ती पाठीत धपाटा घालायची, आणि मग सगळं मिटायचं. आज तिने तसं काही केलं नाही. उठून तिने भिंतीवरची चौकट काढली आणि शिवणयंत्राच्या खणात पालथी ठेवली. “कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “मी सगळ्या इमारतीला दाखवलंय.”

सोमवारी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. सर काही बोलायच्या आत आत्यानेच सुरुवात केली.

“चूक माझीच, बाई. मला कापाकापीची भीती वाटत होती, म्हणून ह्याचं नाव पुढे केलं. हा बिचारा पहिल्यापासून सांगतोय करून घे. तारीख द्या.”

ती धडधडीत खोटं बोलत होती, आणि त्यासाठी तिला किती दम लागत होता ते शेजारी ऐकू येत होतं. टेबलाखाली तिने सरांचा हात घट्ट दाबून धरला. गप्प बस, असं तो हात सांगत होता. सरांना गप्प बसावंसं वाटलं. आत्या वाचली, झाकली मूठ राहिली, आणखी काय हवं होतं?

“भीती सगळ्यांनाच वाटते हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण सर, आजी तो पेपर ठेवून गेल्या ते बरं झालं. मला पटला. गणितात तुमचं नाव बघितलं, तुम्ही किती कडक आहात ते माझा भाऊ सांगायचा, तुमचा विद्यार्थी होता. त्यानंतर ती पट्टी मागवली आणि पाचाच्या खालच्या बऱ्याच जणांना मी घरी पाठवलंय. तपासणीला या म्हणून सांगितलंय.”

“आले ते?”

“आले ना, काही आले. छान आहेत.”

आत्याने हात आणखी दाबला. पण वर्षानुवर्षं फळ्यापुढे उभं राहून जे तोंडात बसलं होतं ते आता आवरेना. सरांनी ते विचारलं तेव्हा त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा मुळीच नव्हता.

“आणि बाकीचे कुठे?”

डॉक्टरीणबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग सरांनी तो चौथ्या पानावरचा तक्ता सांगितला, खालची बारीक ओळ सांगितली, स्वल्पविरामसुद्धा सांगितला. आत्या जमिनीकडे बघत बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, “तुम्ही वाचला कधी?”

“शनिवारी.”

त्या पुन्हा हसल्या नाहीत. त्यांनी नर्सला बोलावून आत्याची सगळ्यात जवळची तारीख घातली, आणि घरी पाठवलेल्या पेशंटचे नंबर काढायला सांगितले. सरांना कुणी जा म्हटलं नाही आणि थांबाही म्हटलं नाही. ते तिथेच बसून राहिले. आत्याने अजून हात सोडला नव्हता.

नर्सने पहिला नंबर फिरवला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलत नव्हतं.