काहिलीचा परवाना

“माणसाच्या जिवापुढे काहीही मोठं नाही,” असे म्हणत ग्रामसेवक दलसिंगने गुळाच्या काहिलीत मोजपट्टी बुडवली. काहिलीत जसोदाबाई गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. पट्टी तळाला नीट टेकावी म्हणून त्याने तिला जरा सरकायला सांगितले.

जसोदाबाईने पदर नाकापर्यंत ओढला आणि नवऱ्याकडे पाहिले. प्रेमचंद खाली चुलाणात मूठमूठ पाचट सारत होता.

“तिले हालता येत नई, भाऊसाहेब. दिवाळीपासून पाय गयात तिन्हा.”

हे साऱ्या कोरीट गावाला ठाऊक होते. डॉक्टरने ऊन पाण्यात बसवायला सांगितले होते. ऊस संपून गुऱ्हाळ बंद झाले, तशी प्रेमचंदने काहील घासून तिचे न्हाणे केले. रोज सकाळी तो आणि म्हातारा गडी जान्या तिला उचलून आत ठेवीत, उचलून बाहेर काढीत. भाकऱ्या, झाडलोट, गाईच्या धारा सारे प्रेमचंदच करी; तिची वेणीसुद्धा तोच घाली. एक दिवस ती चालेल, एवढ्या आशेवर. मग कोणीतरी तालुक्याला अर्ज केला : कोरीटला बाई जिवंत शिजवतात.

१९६१ साली तालुक्याकडे अशा न्हाण्याचा नियम नव्हता. म्हणून अर्धा वीटभट्टीचा आणि अर्धा विहिरीचा जोडून एक फॉर्म झाला. तो आज नीट भरला नाही, तर काहील जप्त.

“कठडा?”

“नई.”

“वाळूच्या बादल्या?”

“नई.”

“आग लागली तर आतलं माणूस किती वेळात बाहेर येतं?”

“येतच नई. आम्ही काढतस.”

“मग अवघड आहे, प्रेमचंदभाई. जप्तीच लिहावी लागेल.”

दलसिंगने पेटती विडी काहिलीच्या काठावर ठेवली आणि पेनाचे टोपण काढले. विडी घरंगळली ती थेट पाचटाच्या ढिगात.

ढीग भसकन पेटला.

“आग लागनी! पया, पया!” जान्या ओरडला.

दलसिंग फॉर्म छातीशी धरून पळाला. प्रेमचंद बायकोला उचलायला वळला. काहिलीत नुसते पाणी हिंदकळत होते.

जसोदाबाई बांध ओलांडून गेली होती. ओले लुगडे दोन्ही हातांनी गुडघ्यांवर धरून ती धावत होती, आणि दलसिंगला तिने वाटेतच मागे टाकले.

जान्याने काहिलीतलेच पाणी मारून आग विझवली. प्रेमचंद दोन्ही हात पुढे करून तसाच उभा होता, जणू त्या हातांवर अजून कोणीतरी आहे.

पार विहिरीपाशी जसोदाबाई थांबली. तिने मागे वळून पाहिले. मग गुडघा धरून, हळूहळू, ती खाली बसली.

“या ना उचलाले!” तिने हाक मारली.

प्रेमचंदने जान्याकडे पाहिले. जान्या रिकाम्या बादलीचा तळ तपासू लागला.

दलसिंग धापा टाकीत परत आला. बाहेर येण्यास लागणाऱ्या वेळेच्या रकान्यात त्याने ‘समाधानकारक’ असे लिहिले आणि खाली शिक्का मारला.

परवान्याची मुदत एक वर्ष होती.