आत्याच्या नावाची लिंक

बारकी दिवसभर वेबसाइटचे पत्ते बनवते आणि त्याचा तिला पगार मिळतो, हे तिच्या बाबांना कधी पटलंच नाही. पत्ता घराला असतो, तो असतोच, त्यात बनवायचं काय? समजावून समजावून बारकी थकली होती. ती बसची तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापुरती वेगळी लिंक जायची. त्या लिंकचे तुकडे जोडायचे, एखादा बदलायचा, नको तो काढायचा, हे तिचं काम. त्यासाठी एक लायब्ररी होती, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. ऑफिसात नव्याने आलेल्यांना बारकी बजावायची की पत्ते हाताने चिकटवत बसू नका, लायब्ररीला सांगा, ती चुकत नाही.

तर बाबांचा साठावा वाढदिवस आला आणि आमंत्रणांचं काम अर्थातच बारकीच्या गळ्यात पडलं. तिने एक छोटंसं पान बनवलं. प्रत्येक पाहुण्याला वेगळी लिंक, लिंकच्या शेपटाला त्या पाहुण्याचं नाव. ते नाव वाचून पान त्याला खास त्याच्यासाठी लिहिलेली एक ओळ दाखवणार आणि खाली एकच बटण, 'येणार'. मामासाठी ओळ होती, 'गाणार नसाल तर जरूर या.' शेजारच्या काकूंसाठी, 'या वेळी केक तुमच्या कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवू.' ओळी लिहिताना तिला असा काही चेव आला की काम चाललंय की मजा, हे विचारायला आई दोनदा येऊन गेली.

यादीत फक्त आत्या नव्हती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि बाबांचं डोकं वर्षानुवर्षं तिच्याच ताब्यात होतं. एकदा तिने केस हवे त्यापेक्षा जरा जास्तच बारीक केले. दुसऱ्या दिवशी बाबांना ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. ते भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत बोलून गेले की कापता येत नाही तर कात्री कशाला हातात धरतेस. आत्याने कात्री खाली ठेवली. अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं, ते तिने तसंच सोडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. बाबा निवृत्त झाले तरी त्या ओळखपत्रावर अजून तेच डोकं आहे. तेव्हापासून दोघांचा अबोला. दोघंही एकाच आईची, त्यामुळे हट्टाला कुणीच कमी नाही. बाबा आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापू लागले आणि मानेवर पायऱ्या पाडून घेऊ लागले. बारकीने यादी करताना आत्याचा विषय काढला, तर बाबा म्हणाले, तिला बोलवायचं असेल तर मी त्या दिवशी घरात नाही.

पण पान नीट चालतं का हे बघायला नमुन्याचा एक पाहुणा लागतोच. बारकीने गुपचूप आत्यालाच धरलं. ही लिंक कुणाला जायचीच नव्हती, तेव्हा ओळही अगदी मनासारखी लिहिली: 'बाकी कुणी आलं नाही तरी चालेल, तू मात्र ये. तुझ्यानंतर माझं डोकं कुणालाच जमलं नाही. तुझा दादा.' वाचून तिचेच डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं, आत्याच्या जागी एकेका पाहुण्याचं नाव घालायला लायब्ररीला सांगितलं आणि रविवारी दुपारी सगळ्यांना लिंका रवाना केल्या. बाबांनाही एक पाठवली, कौतुकाने बघतील म्हणून.

पहिलं उत्तर लगेच आलं. 'आत्या: येणार.'

बारकी खुर्चीतून उडालीच. आत्याला लिंक पाठवलेलीच नाही हे ध्यानात येईपर्यंत ती स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारून आली होती. परत येऊन बघते तर दुसरं उत्तर, 'आत्या: येणार.' मग तिसरं. बघता बघता पडद्यावर आत्याच आत्या झाली. तिने मामाची लिंक उघडली, शेपटाला आत्या. काकूंची उघडली, तिथेही आत्या.

चूक सापडली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. त्या लायब्ररीचा स्वभावच असा होता की एकदा बनलेल्या पत्त्याला ती हात लावत नाही. 'आत्याच्या जागी मामा घाल' म्हटलं की जुना पत्ता तसाच ठेवते आणि मामाच्या नावाचा नवा पत्ता बनवून पुढे करते. तो घ्यायचा असतो. बारकीने सांगितलं सगळं, घेतलं काहीच नाही, आणि हातात होता तोच जुना पत्ता घरोघर वाटला. ऑफिसात नव्यांना ती सगळ्यात आधी शिकवायची ती हीच गोष्ट.

तेवढ्यात मामाचा फोन आला. 'बाकी कुणी आलं नाही तरी चालेल' वाचून त्याला थोडं लागलं होतं, पण तो येणार होता, आणि बाबांनी एकदाची माघार घेतली याचा त्याला फार आनंद झाला होता. काकूंनी तर गॅलरीतूनच आईचं अभिनंदन केलं. आईला कशाचं ते कळेना, तरी तिने आभार मानले.

मग आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली. ते पलंगावर बसले होते आणि फोन त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला होता. आपण बाबांच्या नावाने लिहायला नको होतं, हे बारकीला आत्ता कुठे कळत होतं. तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे हे सगळ्यांना गेलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आणि तिला?"

"तिलाच नाही, बाबा."

बाबा मानेवरच्या पायऱ्यांवरून हात फिरवत राहिले. त्यांना राग आलाय की आणखी काही, ते बारकीला कळेना.

"जिच्यासाठी लिहिलं तिला सोडून सगळ्या गोतावळ्याला वाटलंस. हा काय कारभार झाला? तिला पाठव."

"मी ओळ बदलते."

"नको. खोटं काही लिहिलेलं नाहीस तू."

बारकीने चूक दुरुस्त केली, सगळ्यांची माफी मागून नव्या लिंका पाठवल्या आणि सगळ्यात शेवटी आत्याला तिची. आता उत्तरं ज्याच्या त्याच्या नावाने आली. मामा येणार, काकू येणार, कुत्र्यासह येणार. आत्याच्या नावापुढची जागा मात्र रिकामीच राहिली. रोज संध्याकाळी बाबा सहज विचारल्यासारखं विचारायचे, तुझ्या त्या पानावर काही आलं का. नाही म्हटलं की उगाच वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसायचे. ते बघून बारकीला वाटायचं, ती ओळ लिहिलीच नसती तर बरं झालं असतं.

वाढदिवसाच्या दिवशी घर भरलं. केक टेबलावर आला. बाबा सुरी हातात घेऊन कधी मेणबत्ती सरळ करत होते, कधी खिडकी उघडायला सांगत होते. मामाने घसा साफ केला तसे सगळे धास्तावले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात आत्या उभी होती, खांद्यावर दुकानातली पिशवी. बारकी तिच्या गळ्यात पडली आणि रडत रडतच तिने विचारलं, बटण का नाही दाबलंस?

"दादाकडे यायला बटण कशाला?" आत्या म्हणाली. "पत्ता काय बदललाय घराचा?"

ती सरळ बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांची मान तिने नीट न्याहाळली आणि कुणाशीही न बोलता पिशवीतून पांढरं कापड काढून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि ते मुकाट्याने खुर्चीत बसले.

"किती ठेवू?" आत्याने विचारलं.

"तुला वाटतील तेवढे."

आत्याचा हात क्षणभर थांबला. मग तिने बाबांचं डोकं हलकेच एका बाजूला कलतं केलं.

"ही बाजू राहिली होती," ती म्हणाली. "आधी ही करते."