एका शब्दाचा निरोप

मी एक जुना लाकडी बाक आहे. हुबळीच्या केशवापुरात, वकील मुकुंदरावांच्या अंगणात माझा मुक्काम असतो. माझे सागवान अळणावरच्या जंगलातले. दुर्गदबैलच्या बाजाराजवळच्या एका सुताराने मला घडवले आणि पाठ जरा कलती ठेवली. मुकुंदराव कौतुकाने म्हणत, "ह्याला टेकलं की माणसाचं तोंड सुटतंय बघा." ते ऐकून मी फुगत असे, आणि तेही पावसावाचून.

मित्रांनो, माझी खरी नोकरी संध्याकाळची. शाळेतून निवृत्त झालेले पद्मनाभ सर रोज चालत येत. नोकरीत होते तेव्हापासून, तीस वर्षे आले. दोघे कोर्टातल्या गमती सांगत, वाद घालत, रागावले की कन्नडमध्ये शिरत आणि हसत मराठीत परतत. आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. सर 'येतो' म्हणून उठत आणि उभ्याउभ्या आणखी अर्धा तास बोलत. तेवढा वेळ मी रिकामाच असे, पण मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

मग दोघांच्या हातात फोन आले. सुरुवातीला ते फोनमधली चित्रे एकमेकांना दाखवत. नंतर शेजारी बसूनही आपापल्या फोनमध्ये बघू लागले. पुढे सर यायचेच थांबले. सकाळी फुलांचे एक चित्र धाडले की झाली भेट. मुकुंदरावांच्या पत्नी विमलाबाईंनी माझ्यावर कुंड्या मांडल्या. त्या जड नव्हत्या, पण कुंडी काही बोलत नाही.

गेल्या महिन्यात मुकुंदरावांनी फोन बघून घरात हाक मारली, "विमला, पद्मनाभ येतो म्हणून लिहिलाय." त्यांनी स्वतः कुंड्या उतरवल्या, मला पुसले. विमलाबाईंनी चुरमुऱ्यांच्या गिरमिटासाठी कांदा चिरला. मुकुंदराव चारपासून बसून होते. रस्त्यावरचे दिवे लागले, कालवलेले गिरमिट मऊ पडले. कोणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतला रिक्षावाला मंजुनाथ दारापाशी थांबला.

"वकीलसाहेब, सर काल बेंगळूरला गेले की. मुलाकडं, कायमचं. मीच सोडलो स्टेशनवर."

"मला तर येतो म्हणून लिहिला की रे."

"जाताना येतोच म्हणायचं नव्हं का, साहेब?"

मुकुंदराव येऊन माझ्यावर बसले. मग त्यांनी सरांना फोन लावला.

"जेवलास?"

"जेवलो. तू?"

"झालं."

तीस वर्षे ज्यांचे बोलणे संपत नव्हते, त्यांना पुढचे वाक्य सापडेना. फोन ठेवून मुकुंदराव माझ्यावर बसून राहिले. मी लाकूड, पण मलाही भरून आले.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. तुमचा माणूस गावात आहे तोवर त्याच्या दारी जा, बसा, भांडायचे असेल तर भांडा, पण तोंडाने. सरांचे घर इथून चालत दहा मिनिटांवर होते. मुकुंदराव काल तिथवर गेले आणि कुलूप बघून परत आले.