डाव्या स्पीकरचा मोतीबिंदू

भिंगकाकांनी उभ्या जन्मात एकही नवी वस्तू विकत घेतली नाही, असं काकू म्हणायच्या, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. चष्म्यांचं दुकान त्यांनी थाटलं ते एका बुडालेल्या औषधवाल्याच्या काउंटरवर. लग्नातला कोट थोरल्या भावाचा होता आणि तो काखेत काचायचा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी त्यांची ख्याती. तेव्हा असा माणूस एके दिवशी उठून गाणी ऐकायची यंत्रणा जमवायला निघाला, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणारच.

ते मुरत होतं ते पलंगाखाली. तिथे काकूंची भरलेली बॅग होती. रविवारी साडू गाडी घेऊन येणार होते आणि काकू त्यांच्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि बॅगेत लोकरीचे कपडेही होते. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. भांडायला दोन माणसं लागतात, हीच तर काकूंची तक्रार होती.

"तुमच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं एकच," त्या म्हणाल्या होत्या. "भिंत निदान मधूनच 'हं' म्हणून फसवत तरी नाही."

साडू हा माणूस असा, की समोरचा काहीही सांगत असला तरी तो "हो का? मग पुढे?" असं विचारायचा. काकांच्या मते तो शुद्ध आगाऊपणा होता. आणि काकांचं म्हणणं असं, की अलीकडे बायकोच तोंडातल्या तोंडात पुटपुटते, त्याला ते काय करणार? पण बॅग पाहिल्यावर त्यांची जेवणावरची वासना उडाली, हेही खरं. काकूंशिवाय त्या घरात एक दिवस काढणंही त्यांना जमणार नव्हतं, आणि हे तोंडाने सांगायची त्यांना सवय नव्हती.

मग त्यांना रेडिओ आठवला. दुकानात काउंटरवर रेडिओ असायचा आणि काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसून, पावत्या फाडता फाडता काकू गाण्याबरोबर गुणगुणायच्या. दोन वर्षांपूर्वी दुकान विकलं, त्यात रेडिओही गेला, आणि गुणगुणणं थांबलं. रोगाचं निदान झालं, असं काकांना वाटलं. घरात गाणं आलं, की काकू गातील, आणि गाणारं माणूस बॅग घेऊन जात नाही.

दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला त्यांनी फोन केला. नेहमीप्रमाणे उजव्या कानाला लावून.

"बाबा, आता रेडिओ नको," मुलगी म्हणाली. "एक छोटी डबी मिळते, ती नेटवरून गाणी आणते. जगातली सगळी गाणी. डबीला अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, त्याला दोन स्पीकर. नवीन सेट घेऊन टाका, मी पैसे पाठवते."

"नवीन कशाला?" काका म्हणाले. "गाणी जुनीच ऐकायची आहेत ना?"

डबी त्यांना एका कॉलेजच्या पोराने वापरून टाकलेली मिळाली. अ‍ॅम्प्लिफायर रिपेअरवाल्याकडे मिळाला. हा रिपेअरवाला कोपऱ्यावरच्या खोलीत पंख्यांपासून मिक्सरपर्यंत सगळ्याचे प्राण वाचवायचा आणि गिऱ्हाइकाशी कमीत कमी बोलायचा. अ‍ॅम्प्लिफायर लोखंडी पेटीसारखा जड होता. त्याला मध्ये एक बटण होतं. ते डावीकडे फिरवलं की फक्त डावा स्पीकर वाजायचा, उजवीकडे फिरवलं की फक्त उजवा. काकांना ते बटण फार आवडलं. जन्मभर त्यांनी लोकांचा एक डोळा झाकून दुसरा तपासला होता.

स्पीकरची गोष्ट मात्र निराळी. जाहिरातीत जोडी लिहिली होती, पण तिथे गेल्यावर कळलं, की मालक नवरा-बायको वेगळे झालेत आणि सामानाच्या वाटणीत एक स्पीकर त्याच्याकडे गेलाय, एक तिच्याकडे. एकट्या स्पीकरचं दोघांनाही काही करता येत नव्हतं, पण दुसऱ्याला द्यायला कोणी तयार नव्हतं. काकांनी एक त्याच्याकडून उचलला आणि मग तीन गल्ल्या ओलांडून दुसरा तिच्याकडून.

"त्याच्याकडचा नीट बघून घ्या हं," पिशवीत वायर कोंबत ती म्हणाली. "त्या माणसाकडची कुठलीच गोष्ट धड नसते."

बुधवारी काकांनी सगळं जोडलं. आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून बरोबर मध्ये ठेवली, दोन बाजूंना दोन स्पीकर, समोर डबी. मुलीने फोनवर शिकवल्याप्रमाणे गाणं लावलं आणि बटण फिरवत ते सवयीने स्वतःशीच म्हणाले, "हा बरा, की हा?"

उजवा छान होता. डावा वाजत होता, पण मंद, गोधडीत तोंड खुपसून कोणी गावं तसा.

"मोतीबिंदू," काका म्हणाले.

काकू दारातून डोकावल्या. "छान वाजतंय की. राहू द्या ना."

"अजून पुरं झालेलं नाही," म्हणत काकांनी गाणं बंद केलं. अर्धवट कामाचं भिंग त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नव्हतं. काकूंनी जाता जाता आणखी काहीतरी म्हटलं. काका म्हणाले, "हं."

डावा स्पीकर नवऱ्याकडचा होता. त्याच्या बायकोने बजावलं होतंच. गुरुवारी काका तो छातीशी धरून नवऱ्याच्या दारात उभे राहिले. त्याने मुकाट्याने तो टेबलावर ठेवून, आपल्या यंत्राला जोडून काकांच्या तोंडासमोर वाजवला. ठणठणीत होता.

"तिनेच सांगितलं ना तुम्हाला, माझा खराब आहे म्हणून?" तो म्हणाला. "सहा वर्षं मी हेच ऐकत आलोय."

काका ओशाळून परत आले आणि त्यांनी स्पीकरांची अदलाबदल केली. आता डावीकडे बायकोकडचा. तर तोही मंद. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. खरा चोर अ‍ॅम्प्लिफायर.

रिपेअरवाल्याने झाकण उघडलं, आत दोन-चार ठिकाणी मीटर टेकवला आणि झाकण बंद केलं.

"काही झालेलं नाही याला."

"डावी बाजू मंद वाजते."

"नाही वाजत."

"अहो, मी चाळीस वर्षं माणसांच्या डाव्या-उजव्या बाजू तपासल्यात."

रिपेअरवाल्याने त्यांच्याकडे एकवार पाहिलं, दोन्ही वायरी बदलून दिल्या आणि पुन्हा आपल्या पंख्याकडे वळला. वायरींनी काही फरक पडला नाही. शुक्रवारी काकांनी डबी बदलून आणली. तिनेही नाही. घरात तीन दिवस जगातली सगळी गाणी येऊन बसली होती आणि काका एकही धडपणे वाजू देत नव्हते. काकूंनी बॅगेत आपली उशी भरली.

शनिवारी दुपारी काकांनी हात टेकले. साक्षीदार हवा म्हणून त्यांनी काकूंना बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं.

"सरळ समोर बघ. हा बरा, की हा?"

"दोन्ही सारखेच."

"घाई करू नकोस. पुन्हा. हा... की हा?"

"अहो, सारखेच आहेत."

काका कपाळाला आठ्या घालून उभे होते. असली गिऱ्हाइकं त्यांनी खूप पाहिली होती, काहीही विचारलं तरी सारखंच म्हणणारी. काकूंनीही दुसऱ्या जातीची गिऱ्हाइकं खूप पाहिली होती. नवा चष्मा तावातावाने परत आणायची, काचेवर डाग आहे म्हणायची. काका त्यांना दुसरा चष्मा घालायला द्यायचे आणि विचारायचे, डाग कुठे आहे? तिथेच आहे? मग ठरलेलं वाक्य टाकायचे. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या.

"तुम्ही बसा. आणि खुर्ची उलटी करा. पाठ भिंतीकडे."

"पाठ करून गाणं कोणी ऐकतं का?"

"बसा म्हणते ना."

काका बसले. काकूंनी बटण एकीकडे फिरवलं, मग दुसरीकडे. काकांचा चेहरा पडत गेला.

"आता कुठला मंद?"

"हा... खिडकीकडचा."

"खिडकीकडचा मघाशी चांगला होता."

"हो."

"स्पीकर बदलले, वायर बदलली, डबी बदलली, आता तोंडही फिरवलं. डाग कुठे आहे?"

काकूंनी काउंटरवरचा काकांचाच सूर लावला. "भिंग चोख आहे. डोळा दाखवून घ्या."

खात्रीसाठी डॉक्टरांकडे जायची गरजच पडली नाही. काकूंनी काकांच्या डाव्या बाजूला उभं राहून हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं. काका समोर बघत राहिले, आणि सवयीने म्हणाले, "हं."

त्या "हं"वर काकूंना असं हसू फुटलं, की त्यांना स्पीकरचा आधार घ्यावा लागला. हसता हसता त्या एकदम थांबल्या. दुकानातलं स्टूल काकांच्या डावीकडे होतं. जेवणाच्या टेबलावरची त्यांची जागा डावीकडे. पलंगावर त्या झोपायच्या तीही बाजू डावी. माणूस मुद्दाम ऐकत नाही म्हणून त्यांनी कितीतरी वेळा उशीत तोंड खुपसून रडून घेतलं होतं, आणि त्या बाजूला ऐकणारा कानच नव्हता. त्यांना राग आला, कीव आली, आणि इतकी वर्षं आपल्याही हे लक्षात येऊ नये याची लाजही वाटली.

त्यांनी एक स्टूल उचललं आणि काकांच्या उजव्या हाताला मांडलं. खुर्ची अजून उलटीच होती. मागे गाणं चालू होतं, दोन्ही स्पीकरांतून, चांगलं भरदार.

"मघाशी काय म्हणालीस?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज चोरट्यासारखा झाला होता.

"म्हटलं, चिकट्या नवऱ्याने सेकंडहँड कान तरी कुठून आणलाय."

काका कसनुसं हसले. "आणखी काय काय राहिलंय ऐकायचं?"

काकू मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "दुकान विकायचं चाललं होतं तेव्हा. जेवताना मी म्हटलं होतं, विकू नका, मी चालवते. गिऱ्हाईक मला ओळखतं, हिशेब मला येतो. दिवसातून चार तास उघडेन. तुम्ही म्हणालात, बरं. मी रात्रभर आनंदात होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाऊन सही करून आलात."

काकांना ते जेवण आठवलं. ते "बरं"ही आठवलं. तेव्हा बायकोने मीठ मागितलं असावं असं समजून त्यांनी बरणी पुढे सरकवली होती.

ते उठले आणि त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि ती ओढून उजवा कान काकूंच्या आणखी जवळ नेला.

"हो का?" काका म्हणाले. "मग पुढे?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बरंच आहे. उद्या दुपारपर्यंतही संपायचं नाही."

"साडूंना कळवतो," काका म्हणाले. "तू सांग."